‘कायम’ या शब्दाचा हिशोब

दहावीला आम्हाला गणित शिकवणारे सर पहाटे दुधाचा रतीब घालायचे. चिखलीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. सर बीएस्सी, बीएड. बारावीनंतर मी एकदा धीर करून विचारलं, “सर, शाळा पगार किती देते?” त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, “आधी आम्ही कायम विनाअनुदानित होतो. आता ‘कायम’ काढलंय रे. पगार तेवढा यायचा राहिलाय.”

तेव्हा हसलो होतो. नोकरीला लागल्यावर, दर महिन्याच्या शेवटी पगाराचा मेसेज यायला लागल्यावर, ते वाक्य टोचायला लागलं. मग जुने शासन निर्णय शोधून वाचत बसलो.

रिकामी तिजोरी आणि ‘कायम’ यांची गाठ आमच्या मुलखानं आधीही पाहिली आहे. निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला, म्हणून 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. शिपायांच्या पगारापायी अख्खा प्रांत गहाण! पुढे 1902 साली कर्झननं निजामाशी करार केला आणि वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. बुलढाणा गाव तेव्हा चिखली तालुक्यात होतं. तो ‘कायम’ 45 वर्षांत संपला. 1947 साली भाडेकरूच निघून गेला.

जाताना इंग्रज एक पद्धत ठेवून गेले. 1854 च्या वूडच्या खलित्यात ती आहे: शाळा संस्थेनं काढायची, सरकारनं अनुदान द्यायचं. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदांकडे राहिल्या, पण हायस्कुलं वाढली ती याच पद्धतीवर. नवी शाळा काही वर्षं संस्थेनं रेटायची, मग टप्प्याटप्प्यानं शिक्षकांचा पगार सरकारकडून सुरू व्हायचा. त्या आशेवर माणसं बिनपगारी शिकवायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचवा वेतन आयोग लागू झाला. राज्याचा बराचसा महसूल पगार, पेन्शन आणि व्याजातच जायला लागला. आता आहे त्या शिक्षकाचा पगार कापणं कुठल्याही सरकारला परवडत नाही. तो संघटित असतो, संपावर जातो. मग बचत करायची कुणाच्या जिवावर? जो अजून नोकरीला लागलेलाच नाही, त्याच्या.

2000 साली शिक्षणसेवक योजना आली. काम शिक्षकाचंच, पण पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला महिना 3000 रुपये. 2001 साली ठरलं की नव्या शाळांना परवानगी मिळेल, पण ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर. म्हणजे मुलं शिकतील, बोर्डाची परीक्षा देतील, निकाल सरकारच्या आकडेवारीत धरला जाईल, फक्त पगाराचा बोजा सरकारवर येणार नाही. 2005 च्या 1 नोव्हेंबरपासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. 2011 ची पटपडताळणी झाली, त्यात बोगस पट उघडा पडला आणि 2012 च्या मे महिन्यात शिक्षकभरतीच थांबली. आमच्या गल्लीतली डीएड झालेली ताई तेव्हापासून शिवणकाम करते.

बजेटच्या भाषणात या कपातीचा आकडा सापडत नाही. खर्च झालाच नाही, तर तो दिसणार कुठे? तो सापडतो सरांच्या दुधाच्या कॅनमध्ये.

2009 साली आंदोलनांनंतर ‘कायम’ शब्द वगळला. शाळांचं मूल्यांकन झालं. पात्र शाळांना 20 टक्के अनुदान द्यायचा निर्णय यायला 2016 उजाडलं. पुढचा प्रत्येक टप्पा आझाद मैदानावर बसून मिळवावा लागला. आमच्या धंद्यात तात्पुरता म्हणून लिहिलेला कोड दहा-दहा वर्षं चालतो, काढायची कुणाची हिंमत होत नाही. इथे उलटं झालं. ‘कायम’ आठ वर्षांत गेला, पण त्यानं केलेलं नुकसान तसंच राहिलं.

2025 च्या जुलैमध्ये अनुदानाच्या वाढीव टप्प्यासाठी शिक्षक पुन्हा आझाद मैदानावर, भर पावसात बसले. सरही गेले होते. फोन केला तर म्हणाले, “रेनकोट आणलाय, काळजी करू नको.”

सर 2002 साली लागले. निवृत्ती 58 व्या वर्षी, म्हणजे फार लांब नाही. उद्या समजा शंभर टक्के अनुदान मिळालंच, तरी ते उद्यापासून. मधल्या वीस-बावीस वर्षांचं काय? 2005 आधी लागलेले, पण त्या तारखेला पूर्ण अनुदानावर नसलेले शिक्षक जुन्या पेन्शनसाठी कोर्टात भांडतायत.

निजामाची बाकी फेडायला एक अख्खा मुलूख द्यावा लागला होता. सरांच्या बाकीची नोंदच कुठल्या वहीत नाही. मला त्यांच्याकडे गणितात 150 पैकी 138 मिळाले होते. त्या गणितावर आज माझं घर चालतं.