लग्नाची कॅसेट आणि फाळक्यांचं उलटं हँडल

आपल्या गुडीहत्नूरच्या काही घरांत १९९० नंतरच्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट अजून कपाटात असतील. त्यातल्या बऱ्याच मी काढलेल्या. कॅसेट आदिलाबादला नाहीतर नांदेडला 'मिक्सिंग'ला द्यायची म्हणजे वेगळा खर्च, आणि वधूपिता म्हणायचा, "कशाला? आहे तशीच दे." त्यामुळे हळदीवरून सीमंतीपूजनाला, तिथून मांडवात जायचं ते कॅमेऱ्यातच जमवावं लागे.

युक्त्या साध्या होत्या. कोणाच्या तरी काळ्या कोटाच्या पाठीवर इतकं जवळ जायचं की पडदा काळा होतो, तिथे थांबवायचं. पुढचा प्रसंग दुसऱ्या काळ्या कोटापासून मागे सरकत सुरू करायचा. हळदीच्या ताटावर फोकस घालवायचा आणि झेंडूच्या तोरणावर परत आणायचा, पिवळ्यातून पिवळ्यात. कॅमेरा झटक्यात वळवून वरात पकडायची. काळ्या पुठ्ठ्यात बदामाचा आकार कापून तो लेन्ससमोर धरायचा, हे तर बायकांना फार आवडायचं. खर्च काय, तर पुठ्ठा आणि ब्लेड!

दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचलं ते फार नंतर. तेव्हा कळलं की आपण ऐंशी वर्षं जुन्या वाटेवरून चाललो होतो. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल नव्हतं. पैसे लावणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर! तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात देव प्रकट होतात ते कॅमेऱ्याच्याच करामतीने. फाळके हातचलाखीचे प्रयोगही करत, ते इथे कामी आलं.

मूकपटाच्या काळात एक दृश्य दुसऱ्यात विरघळवायची रीत अशी होती: हाताने हँडल फिरवत असतानाच लेन्सचं भोक हळूहळू बंद करायचं आणि हँडलचे फेरे मोजायचे. मग लेन्स झाकून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे. फिल्म मागे गेली की नवं दृश्य लावून, भोक उघडत पुन्हा तीच फिल्म चालवायची. दोन्ही चित्रं एकावर एक उमटतात. फेरे चुकले तर सगळंच फुकट, आणि फिल्म धुतल्याशिवाय चूक कळायची नाही. आम्हाला निदान व्ह्यूफाइंडरमध्ये लगेच दिसायचं.

पण एक फरक मला महागात पडला. फिल्म मागे नेली की जुनं चित्र राहतं, त्यावर नवं चढतं. व्हिडिओची टेप मागे नेऊन रेकॉर्ड दाबलं की जुनं पुसलं जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती.

१९९४ ला चुलत बहिणीची पाठवणी होती, सासर किनवटचं. १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. तेव्हापासून आपल्या सोयरिकी अशा हद्द ओलांडूनच होतात. आबा काठी टेकत मांडवाच्या तोंडाशी आले. ताईच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. मी ते सगळं घेतलं होतं.

पुढचं दृश्य सजवलेल्या गाडीचं. सांधा सुबक यावा म्हणून टेप थोडी मागे घेतली. थोडी म्हणता म्हणता जास्त गेली. कॅसेटमध्ये आजही आबांचा हात वर उठतो आणि पुढच्याच क्षणी बोनेटवरची गुलाबं दिसतात. सांधा मात्र एकदम सफाईदार झालाय, लोकांनी तेव्हा कौतुक केलं होतं. मी गप्प बसलो.

पुढच्या वर्षी आबा गेले. त्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्याच टेपवर नाही.

ताईला हे मी फार उशिरा सांगितलं. आता तिच्याकडे त्या कॅसेटची सीडी आहे. गेल्या दिवाळीला किनवटला गेलो तेव्हा तिने ती लावली, आणि गुलाबं आली तिथे थांबवली. सुनेला म्हणाली, "इथे आबा म्हणाले होते, रडू नको गं, किनवट काय लांब आहे?"