जुन्या जीपचा ब्रेक अचानक ‘खाली’ का जातो? दुरुस्ती करताना काय काय पाहायचं?

पाऊस संपला की कर्जत तालुक्यातल्या कळंबसारख्या गावात चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी जीप बाहेर निघते. बॅटरी चार्ज होते, इंजिन सुरू होतं आणि ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थेट खाली टेकतं. “ऑइल टाक, दोन-चार पंप मार, लागेल ब्रेक,” असा सल्ला लगेच मिळतो. बऱ्याचदा ब्रेक लागतोही. पण नेरळहून माथेरानचा घाट उतरताना किंवा खोपोलीजवळच्या बोरघाटात तो पुन्हा लागेल, याची खात्री कोण देणार?

एक गळती आणि चारही चाकांचा ब्रेक गायब

भारतातल्या जुन्या जीपचं मूळ अमेरिकेच्या विलीज जीपमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे-३बी’ आणि तिच्यासारखी मॉडेल्स गावोगावी पोहोचली.

या रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो. तो दाब पाइपांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो. तिथले दट्टे ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरचं लायनिंग ड्रमला घासून चाक थांबतं.

अडचण अशी की जुन्या मॉडेल्समध्ये चारही चाकांसाठी एकच सर्किट असतं. आजच्या गाड्यांत दोन सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थोडाफार ब्रेक देतं. जुन्या जीपमध्ये एका चाकाचा रबरी कप फाटला तरी चारही चाकांचा दाब जातो. म्हणूनच ‘एकाच चाकाचं किट बदलून भागवू’ हा हिशेब इथे महागात पडू शकतो. एक कप वयाने कडक झाला असेल, तर बाकीचेही त्याच वयाचे असतात.

पेडल काय सांगतं?

- स्पंजसारखं मऊ लागतं: पाइपांत हवा आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते.
- दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं: बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतला कप दाब धरत नाही.
- दोन-तीन पंपांनंतर वर येतं: शू आणि ड्रममधलं अंतर वाढलं आहे किंवा हवा आहे. हे अंतर आपोआप कमी होत नाही, हाताने ॲडजस्ट करावं लागतं.
- गाडी एका बाजूला ओढते: एखाद्या चाकाच्या लायनिंगवर ऑइल किंवा ग्रीस आलं आहे, किंवा समोरच्या बाजूचा सिलिंडर गंजून अडकला आहे.
- ड्रम तापतो, गाडी जड चालते: ब्रेक सुटत नाही. होज आतून फुगली असेल, तर दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही.

जॅक लावण्याआधी हे वाचा

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टला धरतो. त्यामुळे मागचं एकच चाक जॅकवर उचललं, तर डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप घरंगळते. गाडी सपाट जागेवर घ्यावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि चेसिसखाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.

अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी हे तपासावं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

दुरुस्तीत काय काय येतं?

चारही ड्रम उघडून सगळ्या व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहावेत. आत ओल असेल तर गळती सुरू झाली आहे. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवीन किट टिकत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. ऑइलने भिजलेलं लायनिंग पुसून परत लावू नये. मागच्या चाकात गिअर ऑइल उतरलं असेल, तर आधी ॲक्सलचं सील बदलावं, नाहीतर नवं लायनिंगही भिजेल.

तडे गेलेल्या होज आणि गंजलेले पाइपही बदलावेत. ब्रेकला साधा तांब्याचा पाइप चालत नाही. स्टीलचा ब्रेक पाइप घेऊन त्याची तोंडं दुहेरी फ्लेअर करावी लागतात.

मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो, म्हणजे चिखल आणि पाण्याच्या वाटेतच. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती साफ करावी. पेडलला साधारण अर्धा इंच मोकळा खेळ ठेवावा. तो नसेल तर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही आणि चालता चालता ब्रेक जाम होतात.

हवा कशी काढायची?

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. अनेक जुन्या जीप लेफ्ट हँड ड्राइव्ह आहेत, त्यामुळे सुरुवातीचं चाक प्रत्येक गाडीत तेच नसतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर उघडायचा, बुडबुडे बाहेर आले की ब्लीडर बंद करायचा आणि मगच पेडल सोडायचं. मध्येच मास्टर सिलिंडर रिकामा झाला, तर पुन्हा पहिल्यापासून.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची मर्यादा मात्र १४० अंशांची आहे. घाटात ड्रम तापले की ओलं ऑइल उकळतं, वाफ तयार होते आणि पेडल खाली जातं. त्यामुळे कर्जतच्या पावसात उभ्या राहिलेल्या जीपचं ऑइल बदलणंच शहाणपणाचं. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये, त्याने सगळे रबर फुगतात.

सरळ डिस्क ब्रेक बसवावेत का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे पाइपांपलीकडे काही कापायचं-जोडायचं असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. मूळ ड्रम ब्रेकही नीट दुरुस्त केले, तर जीपच्या वेगाला पुरतात.

काम झाल्यावर पेडल एक मिनिट जोरात दाबून धरावं आणि प्रत्येक जोड पाहावा. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर हळू चाचणी घ्यावी. ड्रम ओले असतील तर हलका ब्रेक लावत ते सुकवावेत. घाट उतरताना खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनही गाडीला धरून ठेवतं. आणि दुरुस्तीनंतरही पेडल पंप करावं लागत असेल, तर काम संपलेलं नाही. जीप गावातच ठेवावी.