उंबरपट्टी ते घरपट्टी

संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्याने निघाले की चितेगाव लागते. गाव पैठण तालुक्यातले. पण त्याची ओळख झाली ती कारखान्यांमुळे, विशेषतः व्हिडिओकॉनमुळे. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली, ती गोष्ट निराळी. अशा गावात भाड्याची खोली सोडून जो स्वतःच्या घरात जातो, त्याच्या हाती लवकरच ग्रामपंचायतीचे घरपट्टीचे मागणीपत्र पडते. ‘आजवर आपल्याला हा कर नव्हता’ असे तो म्हणतो. हे काही खरे नव्हे. कर होताच, तो भाड्यात मुरलेला होता. पावतीवर नाव तेवढे घरमालकाचे होते.

या पावतीला इतिहास आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात घरपट्टी ऊर्फ उंबरपट्टीचा उल्लेख येतो. ब्राह्मण आणि गावकामगार यांना ती माफ होती. म्हणजे घर केवढे, याआधी घरात कोण राहतो हे पाहिले जाई!

इंग्रजांच्या मायदेशी १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांसाठीची पट्टी घर वापरणाऱ्यावर बसविली होती. मुंबईत मात्र १८८८ च्या कायद्याने भाड्याच्या घराचा कर मुख्यतः घरमालकाकडून घ्यावयाचा ठरविला. आकारणीची रीत मोठी मौजेची होती. घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते ठरवावयाचे, दुरुस्तीसाठी त्यातून शेकडा दहा वजा करावयाचे, आणि उरेल त्यावर कर. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब हाच. जणू तो आपल्याच घरात आपलाच भाडेकरू! पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, तेव्हा जुन्या इमारतींची ही आकारणीही गोठली. अखेर १ एप्रिल २०१० पासून मुंबईने भाडे सोडून भांडवली मूल्य धरले.

कर आणि मत यांचेही जुने नाते आहे. मुंबईच्या १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद निवडण्याचा हक्क दिला, तो वर्षाला ५० रुपये कर भरणाऱ्यांना. ज्याचा कर भाड्यात लपला होता, त्याला तेथे कोण विचारणार?

आपल्या मराठवाड्याची वाट वेगळी. येथे घरभाड्याला १९५४ चा हैदराबादचा कायदा होता, तो ३१ मार्च २००० पर्यंत चालला. गावातील घरपट्टीला आधार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचा आणि १९६० च्या नियमांचा. क्षेत्रफळावरची आकारणी जाऊन ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने येथेही भांडवली मूल्य आले.

नव्या घरमालकाने याच कायद्यातील एक तरतूद ध्यानी घ्यावी. जुना मालक गाव सोडून गेला किंवा सापडेनासा झाला, तर त्याच्याकडून येणे असलेला कर ज्याच्याकडे घर गेले त्याच्यावर येतो. घासाघीस करून घर स्वस्तात घेतल्याचा आनंद मग थकबाकीच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच बेबाकीचा दाखला मागावा. खरेदीखत झाल्यावर नमुना आठमध्ये, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीत, आपले नाव लावून घ्यावे. मात्र ही नोंद म्हणजे मालकीचा पुरावा, असा समज गावोगावी आहे तो चुकीचा. कर कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच ती सांगते. मालकी ठरते ती खरेदीखताने.

आता मतासाठी पावती दाखवावी लागत नाही. पण पंचायतीच्या सदस्याने मागणी होऊन तीन महिन्यांत कर भरला नाही, तर तो अपात्र ठरतो. कालचा भाडेकरू उद्या पंचायतीत निवडून आला, तर हे कलम त्यालाही लागू आहे.