कोचीतील रिकामी कबर

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून निघालेलं आमचं क्रूझ जहाज लक्षद्वीप करून शेवटच्या दिवशी सकाळी कोचीला लागलं. परतीची गाडी रात्रीची. सोबतची मंडळी मसाले नि केळ्याचे वेफर्स घ्यायला गेली. आम्ही दोघं नवरा-बायको उर्दू शाळेत शिकवणारे, तेव्हा मुलीला घेऊन फेरीबोटीनं फोर्ट कोचीला गेलो.

जहाज लागतं ते विलिंग्डन बेट माणसानं केलेलं आहे. बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून 1920 नंतर ते उभं राहिलं. मूळ बंदर मात्र पुराची देणगी. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 24 डिसेंबर 1524 रोजी तो कोचीतच मेला. 1539 साली अवशेष पोर्तुगालला नेले. आता इथं फक्त दगड आहे, भोवती कठडा. आमची मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, कबर रिकामी, मग कठडा कशाला?’’

उत्तर सुचलं नाही. दहा वर्षं आम्ही फळ्यावर लिहीत आलो आहोत : 1498, वास्को द गामा, कालिकत. परीक्षेत एक गुण. मलिंदीहून त्याला वाट दाखवायला माहीतगार वाटाड्या होता, हेसुद्धा सांगायचं राहून जाई. मग शोध कसला?

आणि 1502 तर आम्ही कधी शिकवलंच नाही. दुसऱ्या सफरीत याच गामानं मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज मलबार किनाऱ्यावर अडवलं, लुटलं आणि शेकडो माणसांसकट जाळलं. बाया तान्ही मुलं वर धरून दयेची भीक मागत होत्या, हे त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपिशनं लिहून ठेवलंय. आपल्याच माणसाविरुद्धची साक्ष म्हणून ती आम्हांला मोलाची वाटते.

पुढची गोष्ट घरची आहे. आमचं आजोळ दाभोळ. ते तेव्हा बिजापूरच्या राज्यातलं भरभराटीचं बंदर. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय आल्मेदा याचं ठाणं कोचीत. त्याचा मुलगा 1508 साली चौलच्या लढाईत मारला गेला. सूड घ्यायला निघालेल्या बापानं डिसेंबरअखेर वाटेत दाभोळ जाळलं, सरसकट कत्तल केली. आजोळच्या घरात कधी कुणी हे बोललेलं आठवत नाही.

पण सगळा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. कालिकतच्या सामुद्रीशी वैर म्हणून कोचीच्या राजानंच पोर्तुगीजांना जागा दिली. आणि इथले मरक्कार, म्हणजे आपलेच मुसलमान व्यापारी, सुरुवातीला त्यांना मिरी नि तांदूळ पुरवत होते. पुढे त्याच घराण्याच्या नावानं कुंजाली मरक्कार सामुद्रीचे आरमारप्रमुख म्हणून पोर्तुगीजांशी लढले. पोन्नानीच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी या संघर्षाची हकीकत अरबीत लिहिली, ‘तुहफतुल मुजाहिदीन’. ग्रंथ अर्पण केला बिजापूरच्या अली आदिलशहाला, आणि त्यात मलबारच्या हिंदू राजांनी मुसलमानांना दिलेल्या मानाची मनमोकळी तारीफ आहे. मुजाहिदीन हा शब्द ऐकताच कान टवकारणाऱ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा.

दुपारी मट्टनचेरीत गेलो. 1568 चं यहुद्यांचं सिनेगॉग राजवाड्याच्या भिंतीला लागून. कच्छी मेमनांची मशीद जवळच. अस्रची नमाज आम्ही चेंबिट्टपळ्ळीत पढलो. जुनी मशीद, उतरतं छप्पर, लाकूडकाम, मिनार नाही. बाहेरून पाहणारा देऊळच म्हणेल.

सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात फळ्यावर 1498 लिहिलं. त्याखाली 1502, त्याखाली 1508. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, ये इम्तिहान में आएगा?’’