सकळ लिपी : महानुभावांची कुलूपबंद अक्षरे

बीडसह मराठवाड्यात पसरलेल्या महानुभाव पंथाने मराठी ग्रंथांसाठी सांकेतिक लिप्या घडवल्या. त्यांतली सर्वांत रुळलेली सकळ लिपी परंपरेने चौदाव्या शतकातल्या रवळोबासांच्या नावावर आहे. युक्ती साधी होती. देवनागरीच्या एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह लिहायचे. किल्ली नसली की डोळ्यांसमोरची मराठीच परकी! विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली, आणि मठांतल्या पोथ्या अभ्यासकांना वाचता आल्या.

सकळ लिपीने झाकलेल्या या मराठीच्याच मुळाशी मिश्रभाषा, म्हणजे क्रिओल, असावी, असे भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मांडले. ते वादग्रस्तच राहिले. दुसरीकडे, सूरीनाममधील एनजुका या अस्सल क्रिओल भाषेसाठी अफाका नावाच्या व्यक्तीने 1910 च्या सुमारास अक्षरलिपी रचली. ती मात्र नव्याने, सकळ लिपीसारखी मजकूर लपवण्यासाठी नव्हे.