घड्याळ चुकलेला टीव्ही आणि हाइलची एक लेक

मंडळी, वाळवंट म्हणजे बारा महिने उकाडा अशी तुमची समजूत असेल तर एकदा जानेवारीत हाइलला या. रियाधच्या वायव्येला सहाशे किलोमीटरहून जास्त अंतरावर, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवर हे गाव आहे. पाठीशी अजा डोंगराची तांबूस रांग, आणि पहाटे असा गारठा की नळाला हात लावायची हिंमत होत नाही. लहानपणी ज्याची पुस्तकं वाचली तो हातिमताई याच मुलखातल्या ताई टोळीतला. मी इथे नोकरीला आलो तेव्हा आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू गोष्टीतच राहायला गेलास की!"

तर झालं असं, की यंदाच्या थंडीत आई व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आली. आठवडाभर कौतुकात गेला. मग मी ऑफिसला, मुलं शाळेत, सौ. कामात, आणि आई खिडकीत! खाली रस्त्यावर ओळखीची भाषा नाही, ओळखीचं माणूस नाही. सांगलीला रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की तिची एक मराठी मालिका ठरलेली. मोबाईलवर लावून दिली तर म्हणे, "एवढ्याशा काचेत माणसं मुंग्यांसारखी दिसतात रे."

योगायोगाने ऑफिसातला एकजण फायनल एक्झिटवर कायमचा घरी निघाला होता. त्याचा जुना स्मार्ट टीव्ही मी स्वस्तात उचलला. बरेच महिने खोक्यात पडून होता बिचारा. भिंतीला लावला, चालू केला. चित्र छान. वाय-फायच्या यादीत आमच्या राउटरचं नाव दिसलं, पासवर्ड टाकला, तोही घेतला. आणि मग पाटी आली: इंटरनेटशी जोडणी होऊ शकत नाही.

आता मी इंजिनियर. आई सोफ्यावर बसून बघतेय. अब्रूचा प्रश्न!

पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला: राउटर बंद करून चालू केला. फरक नाही. मोबाईल आणि लॅपटॉप त्याच राउटरवर मजेत चालत होते, म्हणजे बाहेरून येणारी लाईन ठीक. दुसरा संशय लहरींवर. आजकालचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या टीव्हींपैकी अनेकांना फक्त पहिलीच भाषा येते. आमच्या राउटरवर दोन्हींना एकच नाव होतं, ते मी वेगवेगळं केलं आणि टीव्हीला २.४ वर बसवलं. नाही. तिसरा संशय आधीच्या मालकावर: त्याने आयपी पत्ता हाताने भरून ठेवलाय का? नव्हता भरला. टीव्ही राउटरच्या पुढ्यात आणून ठेवला. तरीही नाही. आई हळूच म्हणाली, "राहू दे, मी जप करीन." यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे रडगाणं सुरू असताना आमचे एक ज्येष्ठ हैदराबादी सहकारी हसून म्हणाले, "मियाँ, तू एका संध्याकाळीचं काय घेऊन बसलास? या मुलखात टीव्हीपायी राजाचा खून झालाय. आणि त्याची मुळं तुझ्या या हाइलमध्येच आहेत!"

आखातात राहिलेल्यांनी ही गोष्ट कधी ना कधी ऐकलेली असतेच. मीही अर्धवट ऐकली होती. हाइलचं नाव आलं म्हणून त्या रात्री पुस्तकं उघडून बसलो. (टीव्ही नव्हताच, वेळ भरपूर होता.)

गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागेल. १८३०च्या दशकापासून हाइल ही रशीद घराण्याची राजधानी होती. शम्मर टोळीचे हे अमीर एकेकाळी इतके प्रबळ होते की १८९१ साली त्यांनी सौद घराण्याला रियाधमधून हुसकावून लावलं. सौद मंडळी कुवेतला आश्रयाला गेली. त्यांच्यातल्याच तरुण अब्दुलअझीझने १९०२ मध्ये रियाध परत घेतलं, आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये हाइलही पडलं. शेवटचा रशीद अमीर मुहम्मद बिन तलाल शरण आला, त्याला रियाधला नेऊन ठेवलं. अब्दुलअझीझने मग जेत्यांची जुनी रीत पाळली: हरलेल्या घराण्याशी सोयरीक केली. मुहम्मद बिन तलालची मुलगी वतफा हिचं लग्न पुढे अब्दुलअझीझच्या मुसैद नावाच्या मुलाशी झालं. हे नाव लक्षात ठेवा.

आता बिनतारी यंत्रांकडे येऊ. एवढा अफाट देश उंटाच्या वेगाने चालवता येणार नाही हे अब्दुलअझीझला कळत होतं. पण ज्यांच्या बळावर त्याने राज्य जिंकलं त्या इख्वान लढवय्यांना तारायंत्र, मोटार, टेलिफोन यांत सैतानाचा हात दिसे. १९२७ मध्ये रियाधच्या उलेमांपुढे तक्रारी गेल्या. बाकीच्या मुद्द्यांवर त्यांनी निवाडे दिले, पण तारायंत्राबद्दल जे म्हटलं ते मला फार आवडलं. त्याचा मतितार्थ असा: ही वस्तू नवी आहे, तिचं खरं स्वरूप आम्हाला माहीत नाही, म्हणून आम्ही तिच्याबद्दल मत देत नाही. दोन ओळींत केवढा प्रामाणिकपणा! आमच्या क्षेत्रातले कितीजण "मला माहीत नाही, म्हणून निदान करत नाही" असं म्हणू शकतील?

पुढे १९२९ मध्ये सबिलाच्या लढाईत राजाने बंडखोर इख्वानांना मोडलं आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्कोनी कंपनीची बिनतारी केंद्रं देशात उभी राहिली. राजाने धर्मपंडितांना यंत्रातून कुराणाचं पठण ऐकवलं आणि 'सैतान कुराण कसं वाहून नेईल?' असं विचारलं, ही गोष्ट इथे अजून सांगतात. कुणी ती टेलिफोनची म्हणून सांगतं, कुणी रेडिओची. काही का असेना, मुद्दा नेमका आहे. यंत्र चालतं की नाही हा प्रश्न नव्हताच. त्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हा होता.

१९४९ मध्ये रेडिओ आला. टीव्ही आधी परक्यांनी आणला: १९५५ मध्ये दहरानच्या अमेरिकन हवाई तळावर आणि १९५७ मध्ये तिथेच अराम्को तेल कंपनीचा. सरकारी टीव्हीची वाट मोकळी झाली ती फैसलमुळे. १९६२ मध्ये पंतप्रधान असताना त्याने सुधारणांचा दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्यात लोकांना निर्दोष करमणुकीची साधनं देण्याचं कलम होतं. १९६४ मध्ये तो राजा झाला आणि १९६५ मध्ये रियाध आणि जेद्दाहून प्रक्षेपण सुरू झालं. जरा मराठी पंचांग लावून बघा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे सौदीचा सरकारी टीव्ही मुंबईच्या सात वर्षं आधीचा!

पण त्याची किंमत मोठी पडली. टीव्ही म्हणजे अधर्म असं मानणाऱ्यांचा एक गट रियाधच्या केंद्रावर चालून गेला. त्यात राजघराण्यातलाच एक तरुण होता, खालिद बिन मुसैद. पोलिसांच्या गोळीने तो मेला. केंद्रावर की नंतर घराशी, याबद्दल पुस्तकांत फरक आहे. साल बहुतेक ठिकाणी १९६५ दिलंय. राजा फैसलने पोलिसांना दोष द्यायला नकार दिला असं सांगतात: कायदा पुतण्यालाही लागू.

दहा वर्षं गेली. २५ मार्च १९७५ ला राजा फैसल रियाधच्या राजवाड्यात कुवेतच्या शिष्टमंडळाला भेटत होता. पाहुण्यांबरोबर त्याचा आणखी एक पुतण्या आत आला. राजा त्याला जवळ घ्यायला वाकला आणि पुतण्याने पिस्तूल झाडलं. त्याचं नाव फैसल बिन मुसैद, खालिदचा सख्खा भाऊ. १८ जून १९७५ ला रियाधच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला.

आणि या दोघा भावांची आई? वतफा. हाइलच्या शेवटच्या अमीराची लेक.

झालं! गोष्ट किती चपखल बसली बघा. टीव्ही आला, भाऊ मेला, भावाने सूड घेतला. आणि वर आजोळच्या गेलेल्या राज्याची फोडणी. मला तर दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात कधी सांगतो असं झालं होतं. पण इंजिनियरची एक खोड असते. उत्तर फार लवकर, फार नीट जुळलं की संशय येतो.

म्हणून मी गोष्टीची 'टेस्टिंग' करायला घेतली. टीव्ही हेच कारण असेल तर मधली दहा वर्षं? त्यातली बरीचशी या तरुणाने अमेरिकेत, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत काढली. तो काही टीव्हीविरोधी कट्टर माणूस नव्हता, उलट तिथल्या मोकळ्या राहणीत रमलेला. मग भावाचा सूड? शक्य आहे. बहुतेक लेखक हे कारण पहिलं मांडतात. पण भावाचा सूड आणि टीव्हीला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. सरकारने आधी त्याला वेडसर म्हटलं, नंतर डॉक्टरांनी खुनाच्या वेळी तो शुद्धीवर असल्याचं ठरवलं. परदेशी कटाच्या वावड्याही उठल्या, पण चौकशीत त्याने हे एकट्याने केल्याचा निष्कर्ष निघाला. आजोळचा सूड? इथे तर एक सरळ उलटा पुरावा आहे. अब्दुलअझीझने हाइलच्या एका रशीद अमीराच्या विधवेशी, शम्मर टोळीच्या फहदाशी, स्वतः लग्न केलं होतं. तिचा मुलगा अब्दुल्ला २००५ ते २०१५ या देशाचा राजा होता. म्हणजे जिंकलेल्या हाइलशी जोडलेल्या या सोयरिकींतून एका घरी राजाचा मारेकरी निघाला आणि दुसऱ्या घरी राजा. आजोळच्या रक्ताने सगळं ठरत असतं तर हे कसं?

सांगायचा मुद्दा असा, की 'टीव्हीपायी राजाचा खून' हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. टीव्हीचा वाद खालिदच्या मृत्यूला कारण झाला हे पक्कं. त्यापुढचा धागा आपण ओढून बांधतो, कारण समोर दिसणाऱ्या यंत्रावर खापर फोडणं सोपं असतं.

आणि मंडळी, हे मनात आलं तेव्हा रात्री साडेबाराला मी ताडकन उठलो. मीही तेच करत होतो की! दोन दिवस 'वाय-फाय चालत नाही' असं घोकत बसलो होतो. वाय-फायला दोषमुक्त करायची सर्वात साधी परीक्षा मी केलीच नव्हती. खणातून एक लॅन केबल काढली, राउटर आणि टीव्ही सरळ तारेने जोडले. पाटी तीच! जोडणी होऊ शकत नाही. म्हणजे लहरी निर्दोष. दोष टीव्हीच्या पोटात.

मग सेटिंगमधला एकेक कप्पा नीट वाचत गेलो आणि एका ओळीशी थांबलो. तारीख: १ जानेवारी २०१२.

ज्यांना यातलं तांत्रिक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरनेटवर टीव्ही एखाद्या सर्व्हरशी बोलायला जातो तेव्हा सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. टीव्ही स्वतःच्या घड्याळात बघतो. त्याच्या लेखी अजून २०१२ उजाडलंय आणि समोरचं प्रमाणपत्र भविष्यातलं! साहजिकच तो म्हणतो, हे बनावट आहे, मी बोलणार नाही. आमच्या टीव्हीचं घड्याळ अँटेनावरच्या चॅनेलवरून वेळ घेण्यावर ठेवलं होतं, आणि अँटेना तर आमच्याकडे नव्हतीच. (उलटंही होतं बरं का. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं, जगभर वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि घड्याळ बरोबर असलेली कितीतरी जुनी उपकरणं अडली. तिथे सॉफ्टवेअर अपडेट हाच उपाय.)

तारीख आणि वेळ हाताने भरली, टीव्ही बंद करून चालू केला. जोडणी झाली. तीस सेकंदांचं काम!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने दिवा लावला, मालिका पाहिली, आणि जेवताना मी तिला ही सगळी कथा रंगवून सांगितली. उलेमा, राजा, दोघे भाऊ, प्रमाणपत्र, सगळं. मला वाटलं ती माझ्या निदानाचं कौतुक करेल. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं,

"आणि त्या बाईचं रे? वतफाचं. बापाचं राज्य गेलं, एक पोरगा टीव्हीपायी गेला, दुसऱ्याला चौकात मारला. तिने काय केलं असेल?"

मी गप्प बसलो. मी वाचलेल्या पुस्तकांत ती येते ती कुणाची तरी मुलगी म्हणून, कुणाची तरी बायको म्हणून आणि त्या दोघांची आई म्हणून. मी दोन रात्री कारण शोधत होतो, आणि त्या शोधात ती फक्त एक पुरावा होती, एकदा बाजूने आणि एकदा विरुद्ध.

आईची परतीची तारीख जवळ आली आहे. तिला गावातलं जुनं हाइल दाखवायला नेणार आहे. रशीदांचा बरझान वाडा आता उरलेला नाही, पण टेकडीवरचा आरिफ किल्ला आहे. तिथून सगळं गाव दिसतं, प्रत्येक गच्चीवर एक तरी डिश असलेलं.

असो. तुमचा टीव्ही अडला तर आधी घड्याळ बघा.