वेड्या कोंबडीची बखर

इंग्रजी अमदानीत साहेब लोक राजस्थानात 'ग्राउस' मारावयास जात. गजनेरच्या तलावावर बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी भरविलेल्या शिकारींची ख्याती तर विलायतेपर्यंत पोहोचली होती. परंतु तेथे मारला जाणारा पक्षी म्हणजे आपली पखुर्डी. ग्राउसच्या कुळाशी तिचा संबंध नाही, आणि खरा ग्राउस भारतात मुळी आढळतच नाही. तो उत्तरेच्या थंड मुलखाचा रहिवासी. स्कॉटलंडचे माळ, रशियाची अरण्ये आणि उत्तर अमेरिका ही त्याची घरे. दिसावयास कोंबडीसारखा, पायांवरसुद्धा पिसे असलेला आणि खाण्यास रुचकर. या शेवटच्या गुणानेच त्याचा घात केला.

कॅनडाच्या सूचिपर्णी वनांत राहणाऱ्या स्प्रूस ग्राउसला तेथील वसाहतवाल्यांनी 'फूल हेन', म्हणजे वेडी कोंबडी, असे नाव दिले. कारण उघड होते. माणूस दिसला तरी हा पक्षी उडत नाही. फांदीवर बसून स्वस्थपणे पाहत राहतो. लांब काठीच्या टोकाला फासा बांधून तो हळूच त्याच्या मानेत अडकवावा आणि खाली ओढावे, इतके ते काम सोपे! बंदुकीची दारू खर्च करण्याचेही कारण नसे. अशा पक्ष्याला वेडे म्हणण्यात मला मात्र अन्याय दिसतो. पिसांचा रंग सालीत व पानांत मिसळून गेलेला असताना निश्चल राहणे हाच कोल्ह्यापासून आणि ससाण्यापासून बचावण्याचा उत्तम उपाय आहे. हजारो वर्षे तो उपयोगी पडला. हातात काठी घेऊन दोन पायांवर चालणारा शत्रू त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

याच कुळातील रफ्ड ग्राउसची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. न्यू इंग्लंडच्या ज्या रानांत पिढ्यानुपिढ्या शिकार झाली, तेथे तो पायाखालून फटाका फुटावा तसा धडधडत उठतो आणि बंदूक खांद्याला लागण्यापूर्वीच झाडांआड नाहीसा होतो. दूरच्या निर्मनुष्य रानांत हाच पक्षी वाटेवर उभा राहून वाटसरूकडे टक लावून पाहतो. म्हणजे भय हे त्याला माणसानेच शिकविले. तरीही त्यांच्यात एखादा विलक्षण निघतो. लाकूडतोड्याच्या मागोमाग चालतो, बुटांना चोच मारतो, ट्रॅक्टरचा आवाज ऐकून धावत येतो. नर पंख फडफडवून जो ढोलासारखा खोल नाद काढतो, त्याच्याशी यंत्राच्या घरघरीचे साम्य असावे आणि त्यामुळे आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे त्याला वाटत असावे, असा एक तर्क आहे.

इंग्लंडातील उमरावांना बसलेला पक्षी मारणे कमीपणाचे वाटे. त्यांनी हाकारे लावून उडते थवे अंगावर घेण्याची पद्धत काढली. लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी ३० ऑगस्ट १८८८ रोजी एकट्याने एका दिवसात १,०७० ग्राउस पाडले. त्या शिष्टाचाराने पक्ष्यांचा काय लाभ झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

परंतु या कुळाच्या इतिहासातील खरे करुण प्रकरण आहे ते हीथ हेनचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झुडपी माळांवर हा पक्षी एके काळी इतका विपुल होता, की बोस्टनकडील नोकरमाणसे कामावर राहताना, 'आठवड्यातून ठराविक वेळांहून अधिक हीथ हेन जेवणात वाढू नये,' अशी अट घालीत असे सांगतात. नराच्या मानेवरील पिसांचे दोन तुरे मदनाच्या पंखांसारखे दिसतात म्हणून लिनिअसने या जातीला क्युपिडचे नाव दिले होते. वसंतात हे नर दरवर्षी त्याच एका मैदानावर जमत, पाय आपटीत नाचत आणि गळ्यातील नारिंगी पिशव्या फुगवून घुमत. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. शिकाऱ्याला आणखी काय हवे?

न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १७९१ मध्ये या पक्ष्याच्या रक्षणाचा कायदा केला. विधेयकाचे शीर्षक वाचताना सभापतींनी 'हीथ हेन' ऐवजी 'हीदन', म्हणजे पाखंडी, असे वाचले आणि पाखंड्यांच्या संरक्षणाचा हा काय प्रकार म्हणून सभागृह चकित झाले, अशी आख्यायिका आहे. कचेरीत कागद हाताळणाऱ्या आम्हां मंडळींना ती मुळीच असंभाव्य वाटणार नाही. शीर्षक नीट वाचले गेले असते तरी माळावर जाऊन अंमल कोण करणार, हा प्रश्न उरलाच असता. १८७० च्या सुमारास मुख्य भूमीवरून हीथ हेन नाहीशी झाली. उरली ती मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर.

१९०८ मध्ये तेथे राखीव क्षेत्र करण्यात आले. तेव्हा पन्नासच्या आसपास पक्षी उरले होते. या वेळी मात्र अंमल खरोखर झाला. काही वर्षांतच संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पण १२ मे १९१६ रोजी, ऐन विणीच्या हंगामात, माळाला वणवा लागला. अंड्यांवर बसलेल्या माद्या मोठ्या संख्येने जळाल्या. जी निश्चलता कोल्ह्याला चकविते, ती अग्नीपुढे काय कामाची! मागून कडक हिवाळा आला, शिकारी पक्ष्यांची धाड आली, पाळीव टर्कींकडून रोग आला. १९२७ मध्ये सुमारे तेरा पक्षी राहिले, आणि त्यांतही बहुतेक नर. १९२८ संपताना एकच उरला.

बेटवासी त्याला 'बूमिंग बेन' म्हणत. वेस्ट टिसबरीजवळच्या जेम्स ग्रीन यांच्या शेतावर, जेथे पूर्वी त्याच्या जातभाईंचा मेळा भरे, तेथे तो एकटा येई. बोडन महाविद्यालयाचे प्राध्यापक आल्फ्रेड ग्रॉस दडून बसून त्याचे निरीक्षण करीत. दुरून माणसे त्याला पाहावयास येत. घुमण्याला उत्तर देणारी मादी नव्हती, झुंजावयास दुसरा नर नव्हता. होती ती फक्त माणसे, आणि या खेपेस त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात बंदूक नव्हती. एप्रिल १९३१ मध्ये ग्रॉस यांनी त्याला पकडून त्याच्या पायांत धातूची कडी घातली आणि सोडून दिले. सुटल्यावरही पक्ष्याने ते शेत सोडले नाही.

११ मार्च १९३२ रोजी तो तेथे शेवटचा दिसला. राखीव माळाचे आता सरकारी वन झाले आहे, आणि त्यात हीथ हेनचा एक काशाचा पुतळा उभा आहे.